मोटारीचं बटण

तू आलास, आणि पहिल्याच रात्री
मोटारीचं बटण शोधत भिंत चाचपलीस.
ते मागच्या मार्चातच हलवलं रे,
शॉक बसायचा.
उदगीरहून वायरमन आणला मीच,
दीडशे रुपयांवरून भांडलेही त्याच्याशी.

रेवण अजून तुला ‘फोनमधले पप्पा’ म्हणतो.

टँकर दर सहाव्या दिवशी येतो, पहाटे.
नळी धरायला तू उठलास
आणि पाय अडकला माझा तुझ्या पायात.
एकटीच्या मापाचं झालंय अंगण.

तिकडे बर्फ किती, ते तू सांगत नाहीस.
मीही नाही सांगत,
फोन उशाशी ठेवून
रेंजच्या काड्या किती रात्री मोजल्या.

काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगात तुझा नंबर,
आठाचा आकडा पुसट झालाय.
जायच्या आधी गिरवून देते.

बटण मात्र तिथंच राहू दे.