त्रेचाळीस नंबरचं दार

ग्रंथालयात माझ्या टेबलाच्या खालच्या खणात
एक हिरवी वही आहे.
पुस्तकांच्या नोंदी तिच्यात नाहीत, दारं आहेत:
कुठल्या देशाची नावं कुठल्या यंत्राला विचारायची,
कोण एका दमात सांगतं, कोण झुलवतं,
कोण वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावतं
आपण माणूस आहोत हे पटेपर्यंत.
एक आहे, ते दहाव्या प्रश्नानंतर म्हणतं, आज पुरे.
काही बेटांना दारच नाही.
तिथे पत्र टाकायचं आणि विसरून जायचं.
त्यांच्यापुढे मी पेन्सिलीने फुली करते,
पेन्सिलीनेच,
कारण दारं हलतात. गेल्या वर्षीचा पत्ता
यंदा कुठेच उघडत नाही.

ओलुवा आली मंगळवारी.
हाताला लोकरीचा वास, टोपीतून पाणी गळतंय.
तिने कागद सरकवला: तुम्मासच्या पानाचं नाव.
अकरा वर्षं तो रोज रात्री तिथे लिहायचा,
उद्या सामुद्रधुनीतला ओघ कधी फिरेल,
पूर्वेचा किती वाजता, पश्चिमेचा किती वाजता,
आणि धुकं असेल तर एक शब्द: थांबा.
तो गेल्याला दोन हिवाळे झाले.
पान आता पांढरं फटक.
"होडी विकली तेव्हा मला ठाऊक होतं कुणी घेतली," ती म्हणाली.
"हे नाव कुणी घेतलं?"

मी काळी खिडकी उघडली.
त्रेचाळीस नंबरचं दार. इथे नमस्कार-चमत्कार नसतात.
नाव लिहायचं, एंटर दाबायचं, गप्प बसायचं.

पहिलं यंत्र म्हणालं, नाव आहे,
मालक माझ्याकडे नाही, विकणाऱ्याला विचार.
विकणारा समुद्रापलीकडे, त्याची पहाट झालेली नव्हती,
तरी यंत्र जागं होतं. त्याने सांगितलं:
मालक, गोपनीयतेसाठी झाकलेला.
रस्ता, झाकलेला.
गाव, झाकलेलं.
ओलुवा चष्मा वर करून म्हणाली,
"आमच्याकडे मेलेल्यावरसुद्धा एवढी चादर घालत नाहीत."

मग नाव सोडलं, त्यामागचा आकडा धरला.
आकड्यांची मोठी घरं पाच:
अ‍ॅम्स्टरडॅम, ब्रिस्बेन, मॉन्टेव्हिडिओ, मॉरिशस, व्हर्जिनिया.
पाच घरं मागून आणावीत तशी मी फिरले.
आमचा नाही. आमचा नाही, तिकडे बघ.
शेवटी एकाने कबूल केलं,
आणि निघालं एक गोदाम,
जिथे तुम्माससारखी हजारो नावं
एकाच आकड्याखाली पडलेली.
गोदामाच्या मालकाला आत कोण आहे
याच्याशी काय देणंघेणं.

मी वही मिटणारच होते.
"ही ओळ काय?" ओलुवाने नखाने पडद्यावर टकटक केलं.
तारखा. तारखांवर चादर टाकायला विसरतात.
शेवटचा बदल: चौदा नोव्हेंबर.
मुदत: अजून आठ वर्षं.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
बाहेर मासळीच्या कारखान्याचा भोंगा झाला,
पोरांचा घोळका मासिकांच्या कपाटापाशी दंगा करत होता,
मी त्यांना दटावलंही नाही.
"चौदाला तो दवाखान्यात होता," ती म्हणाली.
"पांघरुणाखाली फोन घेऊन बसलेला.
मला वाटलं, बुद्धिबळ खेळतोय.
रागावले मी."

मी म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही.
नाव झाकलंय, दुसराही कुणी असू शकेल.
हे मला सांगावंच लागतं.
ती मान हलवत हातमोजे चढवत होती.
दाराशी थांबून तिने बंदराकडे पाहिलं,
मनगटावर घड्याळ नव्हतं.
"पश्चिमेचा साडेचारला फिरेल," म्हणाली, "जरा उशिराच आज,"
आणि गेली.

हिरव्या वहीत याला रकाना नाही.
मी समासात लिहून ठेवलं.