कृत्तिका, केटरिंग

ट्रेलरवरून उतरली तेव्हा पाऊस नव्हता, वारा होता.
अठ्ठ्याण्णवची. माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान,
आणि गुडघे माझ्यापेक्षा धड.
निळी. डाव्या दारावर तळहाताएवढा पोचा,
नाकावर सहा तारे.

सुबारू म्हणजे कृत्तिका,
हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं.
त्याला टर्बो ठाऊक होता, आणि रोख.

स्टिअरिंग उजवीकडे, आपल्यासारखं,
एवढीच काय ती जुनी ओळख.
बाकी सगळं शिकावं लागलं:
काटा किलोमीटरमध्ये बोलतो, रस्ता मैलांमध्ये,
मग दिडकीचा पाढा, वर चिमूटभर;
सत्तर दिडे एकशे पाच, आणि सात हातचे.
शाळेत छड्या खाऊन पाठ केलेलं
ए-त्रेचाळीसवर कामाला येईल
असं गुरुजींनाही वाटलं नसेल.

इथल्या कायद्याला मागे धुक्याचा दिवा लागतो.
तिला नव्हताच.
तिच्या गावी धुकं बहुतेक आपल्या जबाबदारीवर.
ग्लेनिसनं बंपर कापून बसवला,
मग खाली शिरून म्हणाली, इकडचं मीठ हिला खाऊन टाकेल.
हिवाळ्यात रस्त्यावर मिठागर असतं इथे.
दोन दिवस ती पोटाला मेण चोपडत होती,
बाळंतिणीला चोपडावं तसं,
निगुतीनं, शिव्या देत.

किल्ली फिरवली की डॅशबोर्डमधून एक बाई बोलते.
जपानीत, दोन वाक्यं, मऊ.
शीतगृहातली रात्रपाळी संपवून
पहाटे पाचला बोटं आखडलेली असताना
तेवढंच कुणीतरी आपल्याशी बोललं, म्हणून
मी दोन वर्षं उत्तर देत होते: हो गं बाई, हो.
वाटायचं, जपून जा म्हणत असेल.
मग एकदा चष्म्याच्या दुकानातली हारुमी
स्टेशनपर्यंत बसली, आणि हसत सुटली.
म्हणाली, ती सांगतेय, कार्ड घातलेलं नाही.
टोलनाक्याचं.

दोन वर्षं.
रोज.

तरी वायर मी काढू दिली नाही.
ग्लेनिसला वाटलं मी पैसे वाचवतेय.

आता नळ्यांचं.
हिच्या इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या
सारख्या लांबीच्या नाहीत. एक आखूड, एक लांब,
म्हणून ठोके एका वेळी पोचत नाहीत,
म्हणून तो आवाज:
घशात खाकरा अडकल्यासारखा, लंगडीच्या तालातला,
शेजारच्या मिसेस पिकरिंगनी ज्याबद्दल
तीन चिठ्ठ्या लिहिल्या, तिन्ही अत्यंत सभ्य.

सारख्या नळ्या घाल, ग्लेनिस म्हणाली,
बावीस अश्वशक्ती उगाच सांडते आहेस.
मीही हिशेबातली बाई. घातल्या.
पगार गेला एक.

काय पळाली! कॉर्बीच्या चढावर
तिसऱ्या गिअरमध्ये पाठ सीटला चिकटली.
आणि आवाज? शिवणयंत्र.
उत्तम, तेल घातलेलं, परक्याच्या घरातलं.
मी खिडकी खाली केली. वर केली.
रेडिओ लावावा लागला.

आठवड्यानं मिसेस पिकरिंग कुंपणापाशी आल्या,
हातात कात्री, झुडुपाला धरून.
गाडी विकलीस का? म्हणाल्या.
नाही हो, आहे की.
अच्छा, म्हणाल्या. पहाटे कळलंच नाही तू आलेली.
आणि एक फांदी कापली, जी कापायची नव्हती.

ग्लेनिसनं जुन्या नळ्या परत बसवल्या.
मजुरी दुप्पट, आणि एक कटाक्ष.
पहिल्याच पहाटे गल्लीत वळले तर
वरच्या मजल्यावरचा दिवा लागला, आणि विझला.
चौथी चिठ्ठी अजून आलेली नाही. येईल.

नव्या नळ्या माळ्यावर आहेत,
चकचकीत, गोधडीत गुंडाळून.
कुणाला हव्या असतील तर सांगा.
एकच आठवडा वापरलेल्या.