एक गुंठा

खवणेकर भाऊ,
तुमच्या टेबलावर आता रोव्हरची पिवळी पेटी असते.
साहेब म्हणाले, ती जुनी साखळी निर्लेखित करू, कुठंय?
मी म्हटलं, शोधते.
माझ्याच पिशवीत होती.

तेहतीस फूट, सोळा आणे.
पहिल्या दिवशी तिचं एक टोक हातात देऊन
शिरोड्याच्या मिठागराच्या बांधावर मला उभं केलंत.
मी जीव खाऊन ताणली.
"गो, म्हशीक ओढतंस काय?
कडी सरळ झाली काय थांब."

बाई म्हणून मला आवक-जावकवर बसवणार होते.
तुम्ही कुणाशी भांडला नाहीत,
सकाळी फलकाची तिवई माझ्या खांद्यावर ठेवलीत
आणि एसटी स्टँडकडे चालू लागलात.
काखेत छत्री, कानामागे पेन्सिल, खिशात दुसरी, मोडकी.
ज्याला हद्द पटत नसे त्याच्या हाती ती द्यायचात:
"घे, तू काढ."
बहुतेक जण परत करायचे.

आणि चिंचोके.
दर साखळीला एक, डाव्या खिशातून उजव्या खिशात.
शंभरदा मोजलेल्या बांधावरसुद्धा.
आम्ही हसायचो. शिपाई विचारायचा, भाऊ, सारीपाट कुठंय?

रबर मात्र वापरू दिलं नाहीत कधी.
चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी सही.
"खोडलेला कोण वाचतलो? काटलेला वाचूक येता."

तुम्ही काटलेलं मी परवा वाचलं.
लोखंडी कपाटात, गुणाकार बुकांच्या मागे, एक वही.
सत्त्याऐंशी साल, मोचेमाड, मथुरा गिरप.
नवरा होडीसकट गेलेला,
दिराशी वाटप, वर आभाळ भरलेलं, तुम्ही घाईत
आणि एक साखळी मोजायची राहिली.
तेहतीस बाय तेहतीस.
एक गुंठा, दोन माडांसकट, दिराच्या नावावर.

मग तुमच्याच अक्षरात तुमच्याच विरुद्धचा अर्ज.
चार वर्षं. एक वेतनवाढ बंद.
ऑफिसात अजून म्हणतात, खवणेकरांनी तेव्हा काहीतरी खाल्लं होतं.
तुमच्यासमोरही म्हणायचे.
तुम्ही डबा उघडायचात.

गुंठा परत मिळाला तोवर
समुद्र एका माडाच्या मुळाशी येऊन बसला होता.

त्यानंतर दर वर्षी, शिमगा आटोपला की,
कुणी न सांगता, न भत्ता न दौरा,
हद्दीच्या दगडापासून भरतीच्या खुणेपर्यंत:
सोळा आणे.
चौदा.
चौदा (खूण अस्पष्ट).
अकरा. माड पडला.
साडेनऊ. मथुराबाईंनी सोलं दिली.
सात. दुसरा माड.
पाच. मथुराबाई नाहीत. टोक सुनेने धरलं.
शेवटची नोंद:
तीन आणे. दम लागला, वाळूत बसलो.
सही थोडी घसरलेली.

तुमचं बारावं झालं त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले.
सून अंगणात सुके बांगडे उलटत होती.
साखळी बघितली,
हात पदराला पुसले आणि आली.
काही विचारलं नाही.
दगडाला टोक लावून बसली,
मी पाण्याकडे निघाले.
वारा होता, डोळ्यांत वाळू की काय होतं,
हात जड झाला, साखळी ताणली गेली.

"गो, म्हशीक ओढतंस काय?"

मी वळून बघत राहिले.
ती ओशाळली.
म्हणाली, आमची सासू भाऊंका असाच सांगी,
दर खेपेक.

म्हणजे तुम्हीही कुणाच्या तरी हाताखाली शिकत होतात, भाऊ,
तीस वर्षं, वाळूत उभे राहून.

दीड आणा.
आधी चुकून अडीच लिहिलं.
एक रेघ मारली, शेजारी सही केली.
उजव्या खिशात एक चिंचोका,
तोही पुरता न भरलेल्या साखळीचा.

साहेबांना सांगितलं,
सापडत नाही.