पाणी आलं का

मगदूम अण्णा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबायचे,
चौथीवर कधी नाही.
नाकावर मास्क, हातात कोथिंबिरीची पिशवी.
म्हणायचे, पाणी आलं का?

आधी त्यांनी पाण्याचं कधी विचारलं नव्हतं.
बत्तीसशे रुपये, दोन खोल्या, मीटर वेगळा.
पाच तारखेला मी मोजून द्यायचो,
ते न मोजता खिशात घालायचे.
एवढंच आमचं बोलणं.

मग उद्यमनगरातली यंत्रं गप्प झाली,
पापाच्या तिकटीपासून खाली सगळी शटरं ओढली गेली,
आणि आमच्या प्रेसमध्ये एक लग्न अर्ध्यावर राहिलं.
लाल रंग झाला होता: गणपती, तोरण, आग्रहाचं निमंत्रण.
काळा राहिला.
काळ्यात नावं होती, आणि तारीख.

पेपरात चौकट आली:
भाडं लांबवा, कुणाला घराबाहेर काढू नका,
निदान तीन महिने.
वैजूनं ती कात्रीनं कापली
आणि कणकेच्या खळीनं दाराला आतून डकवली.
मी म्हटलं, बाहेरून लाव की, त्यांना दिसेल.
ती म्हणाली, त्यांना माहीत आहे.
हे आपल्याला. रात्री कडी लावताना.

मी छापणारा माणूस.
कुठल्या शब्दात किती जोर असतो, मला कळतं.
'आहेर आणू नयेत ही नम्र विनंती'
हे मी हजारो कार्डांवर छापलंय.
लोक आणतातच.
तो कागदही विनंतीच होता.

पलीकडच्या गल्लीत सीपीआरमधल्या एका सिस्टरची ट्रंक
भर दुपारी रस्त्यावर आली.
तिचं भाडं एक दिवसही थकलेलं नव्हतं.
भीतीला कुठला जीआर वाचता येतो?

अण्णांनी मात्र वाचला.
मेच्या पाचला, जूनच्या पाचला, जुलैच्या पाचला
पाणी आलं का?
आलं, अण्णा.
आणि ते खाली उतरायचे, कठड्याला हात न लावता.

रात्री खालून फ्रीज उघडल्याचा आवाज यायचा,
काकूंचं इन्सुलिन.
खालचा सलूनवाला दिलावरही बंद,
म्हणजे दोन्हीकडून काही नाही.
जूनमध्ये त्यांच्या दारातली दुधाची किटली लहान झाली.
वैजूनं पाहिलं, मला सांगितलं,
आणि भांडी जोरात घासली.

ऑगस्ट.
कात्रण पिवळं पडलेलं,
तारखेचा कोपरा झुरळांनी खाल्लेला, कणकेपायी.
त्या अर्ध्या कार्डाच्या कोऱ्या पाठीवर मी लिहून ठेवलं होतं
नऊ हजार सहाशे.
काढू नका, एवढंच चौकटीत होतं.
फिटलं, असं कुठं होतं?

अण्णा आले. तिसरी पायरी.
त्यांनी विचारायच्या आत मी सातशे पुढं केले.
पहिल्यांदाच त्यांनी मोजले.
थुंकी लावायला बोट तोंडाकडं नेलं,
मास्क आडवा आला,
तसंच कोरड्या बोटानं पुन्हा मोजले. सातशेच.
ते माझ्याकडं बघेनात, मी त्यांच्याकडं.

आतून वैजूनं विचारलं,
अण्णा, तुमच्याकडं पाणी आलं का?

ते थोडा वेळ उभे राहिले.
येतंय, म्हणाले,
पण दाब नाही.