नव्याण्णव

भूल शोधणं हेच माझं काम होतं.
एकोणतीस वर्षं, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली:
शाई पसरलेली, कड तिरकी कापलेली,
नंबरातला सात अर्धाच उमटलेला.
डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं
की हा कागद बाद.

म्हणून भुलेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"वैजयंतीताई, मधेच भूल उतरवू, घाबरू नका,"
तेव्हा मला हसू आलं.
द्यायची आणि परत काढून घ्यायची!
आमच्याकडे ती सापडली की रजिस्टरात चढते.

जाग आली तेव्हा डोकं तीन खिळ्यांत अडकवलेलं.
वर हिरव्या कापडाचा तंबू
आणि तंबूत शिरीन कोकणी, चित्रं मांडीवर घेऊन,
अंग चोरून बसलेली,
पळशाला आम्ही पलंगाखाली
मीठ-कैरी खायला बसायचो तशी.
डॉक्टर बेंडाळे माझ्या मागे.
आवाज येतो, हात दिसत नाहीत.
कवटीचा तुकडा कुठे ठेवलाय, विचारलं नाही.
मेंदूला म्हणे दुखत नाही.
सगळ्या अंगाच्या तक्रारी त्याच्याकडे येतात,
स्वतःची एक नाही.
आमचे एक साहेब असेच होते.

"हे काय?" छत्री.
"हे?" कंगवा.
"हे?" किसणी.
"हे?"

लाकडाचं. गोल.
रोज पहाटे, पहिल्या भोंग्याआधी, वीस पोळ्या…
हातात त्याचं वजनसुद्धा आलं.
तोंडात काही नाही.
न छापलेला कागद.

"थांबा," शिरीन म्हणाली, मला नाही, त्यांना.
मागे विजेचा काटा उचलला गेला
आणि आलं, उशिरा, धापा टाकत:
लाटणं.
लाटणं, लाटणं,
कुणी विचारत नसताना.

तिथे त्यांनी कागदाची चिठ्ठी ठेवली,
नखाएवढी, आकडा छापलेली.
कितवा? मी विचारलं.
"चार."
सरळ छापलाय ना?
मागे कुणीतरी हसलं, मग पुन्हा यंत्रांचे आवाज.

मोजा म्हणाले. मोजत राहा.
हे मला येतं.
आपले आकडे नवावर आले की
स्वतःचं नाव टाकून पुढच्याचं घेतात:
एकोणचाळीस, एकोणपन्नास,
एक कमी, एक कमी.
मागे गाठ निघत होती,
रसाच्या ग्लासात तळाशी नळी ओढावी तशा आवाजात.
एकोणसाठला शिरीनने ओठांना ओला कापूस लावला.
त्र्याहत्तरला उजवा हात उचल म्हणाली, उचलला.
पुढे एकदा "एकोण" आलं
आणि त्याच्यापुढे काहीच आलं नाही.
एक कमी, एवढं कळत होतं.
कशातून, ते नाही.

"बास," बेंडाळे म्हणाले.
अजून थोडी आहे, चारच्या चिठ्ठीला चिकटून.
ती ओढली तर तिच्याबरोबर बरंच जाईल.
एका ठिपक्यापायी अख्खं शीट बाद करणारी मी,
तंबूतून म्हणाले,
राहू द्या.

आता जेलरोडला घरी असते.
जाऊबाई विचारतात, किती निघाली?
नव्याण्णव, मी सांगते.
खरा आकडा फायलीत आहे, वाचलाय मी.
पण नवाच्या घरातला हा एकच,
जो एकोण म्हणवून घेत नाही,
शंभराच्या दारात स्वतःच्या नावाने उभा असतो.

काल दूध वर येत होतं.
पोराला म्हटलं, अरे ते दे, ते.
त्याने गाळणं दिलं.
गाळणं हातात धरून मी थोडा वेळ उभी राहिले,
मग पदरानेच पातेलं उतरवलं.
ओट्यावर पांढरं पसरलं.
"सांडलं," मी म्हणाले,
आणि त्याच्या मागोमाग
सांडशी आली.