फुली

शुक्रवारी दुपारी सोहार झोपतं.
खालच्या न्हाव्याचं शटर अर्धं ओढलेलं,
बंदराकडचा रस्ता उन्हाने पांढराफटक,
स्वयंपाकघरात एसी नाही,
तरी मी ओव्हन लावलाय.
शलाका म्हणते, तुला ऊन लागलंय.

कागद ओर्लाचा.
इमर्जन्सीतली ती आयरिश नर्स.
पेढ्याच्या एका कणानंतर
निनादचे सुजलेले ओठ बघून
तिने आधी सुई टोचली, मग आमची नावं विचारली.
पहाटे चारला, डिस्चार्जच्या कागदाच्या पाठीवर
स्वतःच्या आईचा पाव लिहून दिला.
यीस्ट नाही, फुगायची वाट बघणं नाही.
आधी लिहिलं, ताक.
मग निनादकडे बघून ते खोडलं:
दुसरं कुठलंही दूध, आणि लिंबू.
दोन महिन्यांनी तिचा करार संपला.
कागद फ्रिजवर राहिला,
विजेच्या बिलांखाली, वर्षभर.

दोन नंबरचं पीठ, चार वाट्या.
मीठ. खायचा सोडा, सपाट चमचा,
माझी त्याची ओळख भज्यांपुरती.
दूध सोयाबीनचं, खोक्यातलं.
उदगीरला आमच्या शिवारात सोयाबीनच असायचं.
मी पोती शिवलीत,
शेंगांची कुसळं तळव्यातून उपटलीत,
पण याचं दूध निघतं
हे मला ओमानच्या किनाऱ्यावर येऊन कळलं.

लिंबू पिळलं.
घरी दूध नासलं की
आई दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही.
इथे मी ते नासावं म्हणून
घड्याळ लावून उभा.
नासलं! दाणे दाणे झाले.
शलाकाला हाक मारून दाखवलं.

पुढचं अवघड होतं.
कागदावर खाली दोन रेघा: मळू नकोस.
हातांना हे कसं सांगायचं?
तिची नाइट असली की
परातीत कणीक तिंबणं, मुठी रुतवणं,
पाण्याचा हात लावून पुन्हा तिंबणं,
एवढं एकच काम त्यांना नीट येतं.
आणि ही म्हणते, बोटं फाकवून
एकदा फिरव, गोळा झाला की सोड.
ओबडधोबड राहू दे.
मी सोडलं. हात पाठीमागे धरून उभा राहिलो,
वर्गाबाहेर राहायचो तसा.

मग सुरी. वर खोल फुली.
शाळेच्या फॉर्मवर ‘दूध’ समोर मारली होती तीच.
डब्याच्या झाकणावर, पाण्याच्या बाटलीवर,
आणि लोकांच्या वाढदिवसांवर
मनातल्या मनात.
ओर्लाच्या आईचं म्हणणं,
या चिरेतून पावातल्या पऱ्या बाहेर पडतात,
अडकल्या तर पाव नासवतात.

निनाद काचेसमोर उकिडवा बसला.
चाळीस मिनिटं.
परी एकही निघाली नाही.
फुली मात्र हळूहळू उलत गेली
तापल्या रानात शेंग उलावी तशी,
आणि घरभर वास:
भाकरीचा नाही, बिस्किटाचा नाही,
ज्याला माझ्याकडे शब्द नाही असा.

पालथा करून बोटाने वाजवायचा.
पोकळ वाजतं ते खोटं, असं आमचे गुरुजी म्हणत.
इथे पोकळ वाजलं तरच खरं.
ठक ठक.
बूड जरा करपलं होतं.
निनादने कान टेकवला, स्वतः वाजवला,
मग दबक्या आवाजात, दाराशी उभं राहावं तसं:
“आत कुणी राहिलंय का?”

थंड होऊ दे, म्हणेपर्यंत त्याने तोडला.
“यात आहे?” त्याने विचारलं, सवयीने,
आणि उत्तराआधीच तोंडात.
मीही सवयीने घड्याळ बघितलं.
दोन वाजून सतरा मिनिटं.
शलाका टेबल पुसत होती,
पुसलेलंच पुन्हा,
नजर सुईच्या डबीवर.
आम्ही दोघं काही बोललो नाही.

दोन सदतीसला त्याने
करपलेल्या बाजूचा आणखी एक तुकडा मागितला.