पाचातले तीन

तिबिलिसीत, नदीच्या वरच्या अंगाला,
बंद पडलेल्या रिळांच्या कारखान्यात
अठ्ठेचाळीस तास.
भिंतींना अजून सुताचा वास.
छताच्या हुकांना काय टांगत असतील कोण जाणे,
आता एक्स्टेन्शनच्या वायरी लोंबतायत.

दारात नोंदणी.
नाव लिहा, ईमेल लिहा, सरकारी ओळखपत्र दाखवा.
"कुणाच्याच दप्तरात नसलेली ओळख बनवायला आलोय आम्ही,"
तोर्निके म्हणाला,
आणि निमूट पाकीट काढलं.
पायरीवर झोपलेल्या कुत्र्याच्या कानाला
पिवळा बिल्ला, त्यावर आकडे.
त्याला कुणी काही विचारलं नाही.

आमचं काम तसं थोडक्यात सांगता येईल:
तुझी किल्ली तुझ्या खिशात.
मध्ये सर्व्हर नाही, कचेरी नाही, साहेब नाही.
फोन फोनशी बोलणार,
या गॅलरीतून त्या गॅलरीत मीठ मागावं तसा.
आणि किल्लीच हरवली तर?
तर तू आधी निवडून ठेवलेल्या पाचांपैकी
तिघांनी म्हणायचं: हो, हा तोच.
नुत्सा तेवढाच भाग लिहीत होती
आणि तेवढाच भाग चालत नव्हता.

रात्री दीडला राजमा भरलेल्या रोट्या गार झाल्या,
तारखुनाच्या हिरव्या सोड्यातला फेस बसला,
आणि वाखोने भांडण उकरलं.
तिघं खोटं बोलले तर?
तिघं मेले तर?
तिघांनाही तो आवडेनासा झाला तर?
फळ्यावर बाण, बाणावर बाण,
शेवटी पाचही वर्तुळं
खरकट्या ताटासारखी दिसायला लागली.

चारच्या सुमाराला एतेरी बादली घेऊन आली.
"पाय वर."
आम्ही आठ पाय वर घेतले.
फरशी पुसता पुसता ती फळ्यापाशी थांबली.
हे काय?
नुत्साने सांगितलं, झोपेने जड झालेल्या जिभेने,
अर्धं सांगून सोडून दिलं.
"म्हणजे आमचंच की," एतेरी म्हणाली,
आणि फडकं पिळलं.

समुद्रकाठच्या तिच्या गावात
दप्तरखाना जळाला त्या वर्षी
तिचा जन्म जळाला, लग्न जळालं,
घर तर आधीच गेलेलं.
इथे कारकुनाने विचारलं, तू कोण?
तिने तीन बाया नेल्या.
एक शाळेत तिच्याच बाकावर बसायची.
एक, जिचं शिवणयंत्र उसनं आणून
हिने कधी परत केलं नव्हतं.
तिसरी रस्त्यात ओळखही दाखवत नसे.
त्या दिवशी तिनेच आधी दाखवली.
म्हणाली, साहेब, ही एतेरीच.
इतकी हट्टी बाई दुसरी कुठून आणू?
शिक्का बसला.

"आणि त्या मेल्या की?" वाखोने विचारलं.
"दोघी मेल्या."
तिने बादली उचलली.
"आता दुसऱ्यांसाठी मी जाते."

नुत्सा बराच वेळ पडद्याकडे बघत बसली.
मग एकच ओळ बदलली.
'तुमचे पाच विश्वासू मित्र' होतं तिथे लिहिलं:
'तुम्हाला ओळखणारे पाच जण'.
बग तिथे नव्हताच. तो उजाडताना
वाखोला सापडला, एका स्वल्पविरामात.

तिसऱ्या दिवशी पंचांसमोर
दोन फोन एकमेकांना सापडले, तिसरा शोधतच राहिला.
पंचांनी माना हलवल्या, चांगल्या मनाने.
बक्षीस गेलं मेंढ्यांची वंशावळ ठेवणाऱ्या टीमला.
जाताना गळ्यातले बिल्ले एका खोक्यात टाकायचे होते.
मी माझा चुकून घरी नेला.

मेट्रोच्या बाकावर बसून
आपल्याच ॲपमध्ये मी माझे पाच भरायला घेतले.
दोन नावं लगेच सुचली.
तिसरं सुचलं, तेही लगेच;
नऊ वर्षांपूर्वी एका सायकलीवरून
आम्ही बोलायचं थांबलो.
नंबर अजून पाठ आहे.
वारकेतिलीकडे जाणारी गाडी आली, गेली.
आणखी एक आली.
मी तीही सोडली.